लहानूनं जिंकलेली ढाल

जत्रेच्या दिवशी संध्याकाळी पिठाच्या गिरणीत बातमी आली. कुणीतरी मोटरसायकलवरून जाता जाता ओरडलं, "अहो, लहानूमुळं ढाल कायमची..." आणि नेमका गिरणीचा पट्टा सुरू झाला. पुढचं पिठात गेलं.

बायकांनी मग ते आपापल्या मनानं पुरं केलं. "कायमची आपली झाली!" डबे तसेच ठेवून सगळ्या निघाल्या लहानूच्या सोनाआत्याच्या अंगणात. बातमी पुरी ऐकायला कुणी थांबलं नाही. पुरी बातमी ऐकली की सांगायची मजा जाते.

हा लहानू म्हणजे हिवरखोऱ्यातला एक भोळा गडी. नावाला लहानू, उंचीला दाराच्या चौकटीपेक्षा चार बोटं जास्त. चार म्हशी सांभाळायचा आणि सांगितलेलं ऐकायचा. ऐकायचा म्हणजे अगदी अक्षर न् अक्षर. अडचण एवढीच, की आज सांगितलेलं तो उद्याच्या कामाला लावायचा.

मागच्या बाजारी त्यानं कोंबडी विकत घेतली. वाटेत सरपंच भेटले. लहानूनं दोन्ही हात जोडून नमस्कार केला. कोंबडी गेली उसात. सोनाआत्या, म्हणजे त्याच्या बापाची बहीण, कपाळावर हात मारून म्हणाली, "मुडद्या, हातात आलेलं कधी सोडायचं नाही!"

"बरं आत्या," लहानू म्हणाला आणि ते पक्कं लक्षात ठेवलं.

आता ढालीचं. पूर्वी जत्रेत कुस्त्या व्हायच्या. पुढं पैलवान संपले, म्हणून पत्ते आले. खेळाचं नाव 'डरकाळी'. पत्त्यांवर जनावरं. चाऱ्याची पानं मांडल्याशिवाय जनावर बाहेर काढता येत नाही, आणि जनावर जेवढं दांडगं तेवढा चारा जास्त. घरून पत्ते आणायचे नाहीत. आठ जणांनी गोल बसायचं, तिथंच बंद पाकिटं फोडायची, त्यातून आपली तेवीस जनावरं निवडायची, पंचांकडून चाऱ्याची सतरा पानं घ्यायची आणि चाळीस पानांचा जोड बांधून लढायचं. ज्याची जनावरं आधी समोरच्याच्या दाराशी पोचतील तो जिंकला.

सोनाआत्या या खेळात वाघीण. दोन वर्षं लागोपाठ तिनं पितळी ढाल आणली होती. तिसऱ्यांदा जिंकली की ढाल कायमची गावाची, असा नियम. चावडीच्या भिंतीत खिळा ठोकून ठेवला होता. आणि जत्रेची एक जुनी रीत होती: ढाल कुणाकडून हिसकायची नाही, पण कुणी आपल्या हातानं दिली तर ती दिली. दिलेली ढाल परत मागणाऱ्या गावाला जत्रेत पुन्हा पाय ठेवता येत नाही.

नेमकं जत्रेच्या आदल्या दिवशी आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्यानं आधीच अंधुक. जायचं कुणी? नियमाप्रमाणं घरातलंच माणूस लागतं. घरात माणूस एकच.

"लहानू, अडलास की मला फोन कर," आत्या म्हणाली. "आणि येताना देवाचा नारळ आण. तेवढा तरी विसरू नकोस."

"नाही विसरणार आत्या."

जत्रेत मांडवाखाली आठ जण गोल बसले. लहानूच्या डावीकडं तांबडेगावचे बापूराव. दोन्ही वर्षं आत्याकडून हरलेले. मिशीला पीळ, पण पीळ उतरलेला.

लहानूनं पाकीट फोडलं. पंधरा पत्ते हातात आले. त्यानं ते घट्ट धरले आणि बसला. हातात आलेलं सोडायचं नाही. गोल अडला.

पंच होते घोलपगुरुजी. ते धावत आले. "अहो, असं नसतं! हातात आलं की त्यातलं एक ठेवायचं, बाकीचं डावीकडं द्यायचं. कुणी मागायची वाट बघायची नाही."

"असं होय," लहानू म्हणाला. तेवढ्यात चहाचा ट्रे आला. लहानूनं एक कप ठेवला, बाकीचा ट्रे डावीकडं दिला. गुरुजी खूश झाले. "शाब्बास! आता कसं!" लहानूला फार बरं वाटलं. शिकलेलं लगेच उपयोगी पडलं असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

मग तो पत्ते निवडू लागला. बाजारात जनावरं निवडतो तशीच. पहिल्या पाकिटात पट्टेरी वाघ निघाला. लोकांनी माना लांब केल्या. लहानूनं वाघाकडं पाहिलं. दूध देत नाही, नांगराला चालत नाही, गोठ्यात बांधला तर म्हशी बुजतील. त्यानं शेळी ठेवली आणि वाघ डावीकडं दिला. दुसऱ्यांदा अस्वल दिलं, म्हैस ठेवली. मग गेंडा दिला, कोंबडी ठेवली.

बापूरावांचे डोळे पाणावले. "पाहुणे," ते हळूच म्हणाले, "असंच देत राहा."

"देतो की," लहानू म्हणाला.

पहिली लढत एका बाईंशी लागली. बाईंचा कोल्हा चाऱ्यावाचून हातातच अडकला होता. लहानूचा जीव कळवळला. त्यानं आपल्या चाऱ्यातली दोन पानं त्यांच्यापुढं ठेवली. "मुकं जनावर उपाशी कशाला, बाई?"

गुरुजी ओरडले, "समोरच्याला काहीएक द्यायचं नाही!"

लहानूनं पानं परत घेतली. बाई एवढ्या हसल्या, की हसता हसता चार चाली चुकल्या. लहानू जिंकला.

दुसऱ्या लढतीत समोर एक म्हातारा होता. त्याला ठसका लागला. "पाणी... पाणी दे रे बाबा!" तांब्या लहानूच्या कोपराशी होता. लहानूनं तो उचलून मांडीखाली घेतला. समोरच्याला काहीएक द्यायचं नाही. म्हातारा खोकत खोकत उठून नळावर गेला, वेळ संपली, लहानू पुन्हा जिंकला. मांडवात छी थू झाली. त्यानं आत्याला फोन लावला.

"गाढवा!" आत्या फोनमधूनच तडकली. "समोरच्यानं पाणी मागितलं आणि नाही म्हणालास? अरे, माणसानं मागितलं तर द्यावं!"

"बरं आत्या."

शेवटची लढत बापूरावांशी. तीन डाव, दोन जिंकेल तो खरा. पहिल्याच डावात बापूराव सहज गमतीनं म्हणाले, "काय लहानूशेठ, बघू तरी काय काय आलंय हातात!"

लहानूनं सगळे पत्ते त्यांच्या हातात दिले. पहिला डाव गेला.

पुन्हा फोन. आत्याचा आवाज चिरका झाला. "अरे, भिंतीतला खिळा रिकामा राहील रे! पत्ते छातीशी धर! कुणाला दाखवू नकोस. ब्रह्मदेव आला तरी नाही!"

दुसऱ्या डावात लहानूनं पत्ते छातीशी धरले. बापूरावांच्या हातात वाघ, अस्वल, गेंडा, सगळे दांडगे. पण चारा पुरा पडेना. वाघ हातातच गुरगुरत राहिला आणि लहानूच्या शेळ्या-कोंबड्या चारेक पानांत दाराशी जाऊन पोचल्या. डाव जिंकला.

तिसऱ्या डावाआधी गुरुजी पानं मोजायला आले. "द्या इकडं, चाळीस आहेत ना बघू."

लहानूनं पत्ते सदऱ्यात घातले आणि वरून बटणं लावली.

"अहो, मी पंच आहे!"

"ब्रह्मदेव आला तरी नाही."

गुरुजी बाद करायलाच निघाले होते. गावच्या पोरांनी त्यांच्या पाया पडून आत्याला फोन लावून दिला. आत्या आता रडकुंडीला आली होती. "लहानू, माझ्या राजा, नीट ऐक. यापुढं पंच सांगतील तेच करायचं. त्यांचा शब्द खरा. बाकी कुणाचं ऐकायचं नाही. माझंसुद्धा नाही!"

"बरं आत्या."

बटणं सुटली, पानं मोजली, चाळीस भरली. तिसऱ्या डावातही बापूरावांचे वाघ उपाशी मेले. म्हशींनी मैदान मारलं. हिवरखोऱ्याची माणसं मांडवाच्या खांबांवर चढली. फटाके, हलगी, गुलाल!

गुरुजींनी लहानूच्या खांद्याला धरून त्याला मधोमध उभं केलं. डाव्या बाजूला दुसऱ्या नंबरचे बापूराव, मान खाली घालून. गुरुजींनी लहानूच्या दोन्ही हातांत ढाल ठेवली, ढालीवर शाल, शालीवर नारळ.

एवढं सगळं हातात आलं, तसा लहानू विचारात पडला. मग त्याला पंचांचा शब्द आठवला.

"लहानू, ढाल धर! घट्ट धर!" गाव ओरडत होतं. पण बाकी कुणाचं ऐकायचं नव्हतं.

अंधार पडायच्या आत लहानू घरी आला. अंगण माणसांनी भरलं होतं. आत्या ओट्यावर बसली होती, पट्टी नसलेला डोळा पुसत. "आलास? आण, माझ्या हातात दे. दिसत नसलं तरी हात तर फिरवते."

लहानूनं दिलं. आत्यानं हात फिरवला. पुन्हा फिरवला.

"मेल्या, ढालीला शेंडी कुठून आली?"

"नारळ आहे आत्या. विसरलो नाही."

"आणि ढाल?"

"एक ठेवलं, बाकीचं डावीकडं दिलं," लहानू म्हणाला. "मागायची वाटसुद्धा बघितली नाही."

आत्यानं विचारलं, "डावीकडं कोण होतं?"

"बापूराव. मिठीच मारली त्यांनी मला. म्हणाले, असंच देत राहा."

गिरणीतली बातमी काही अगदीच खोटी नव्हती. तिसऱ्यांदा जिंकलो आपणच. ढालही कायमची झाली. तांबडेगावच्या चावडीत आहे, दाराच्या समोरच्या भिंतीवर. आपल्या चावडीतल्या खिळ्याला लहानूनं शेळीचा पत्ता अडकवलाय. तो काही केल्या काढू देत नाही; म्हणतो, पंचांना विचारून या.