साहेबांची गोल उशी

तालुक्याच्या सभागृहात धारणकर साहेब आले ते तणतणतच. सरकारी विमा योजनेचा खर्च कमी करायचा होता आणि कात्री लावायला त्यांना मनाच्या आजाराच्या गोळ्या सापडल्या होत्या. शिपायाने खुर्चीवर मध्ये भोक असलेली गोल उशी ठेवली. साहेब तिच्यावर जपून टेकले आणि गरजले, "या गोळ्यांवर एवढा पैसा जातो, पण खाणारे आहेत कुठे? जे खातात त्यांनी हात वर करा. एकही हात दिसला नाही, तर गोळ्या आजपासून बंद!"

मसाल्याच्या डब्यात गोळ्या लपवणाऱ्या बाया पदराशी चाळा करू लागल्या. पुरुषांनी माना खाली घातल्या. चारचौघांत वेडं म्हणवून घ्यायला कोण धजणार? साहेबांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच तर त्यांनी असं विचारलं होतं.

तेवढ्यात मागच्या रांगेतून हौसाक्का उठल्या.

"साहेब, योजनेत मूळव्याधीचं आप्रेशनबी हाय म्हणे. मग आधी ते दुखणं ज्याला हाय, त्यानं हात वर करावा. एकबी हात दिसला न्हाई, तर तेबी बंद करा."

सगळ्या नजरा उशीकडे वळल्या. साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. हात मात्र मांडीवरून हलला नाही.

"गोळ्या... राहू द्या," ते कसेबसे पुटपुटले.

तेव्हा हौसाक्कांनी स्वतःचा हात वर केला.

"मी खाते साहेब, लई वर्षं झाली. आता तुम्हीबी लाजू नका. उशीवर नीट बसा."