माळेची घाई

“माळ आजच घालाल ना, बाबा? संध्याकाळच्या आत?”

भिकोबाबा पावट्याच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारे डॉक्टर राजाध्यक्ष. पुण्यातले नावाजलेले सर्जन. मठात माळ मागायला पुष्कळ जण येतात, पण मुहूर्त स्वतःच ठरवून आलेले हे पहिलेच.

“एवढी घाई?”

“माळ घातली की मांस सुटतं. मला सोडायचंय.”

“मग सोडा की. माळेला कशाला त्रास?”

डॉक्टर चिडले. “लोकांना काही कारण द्यावं लागतं, बाबा.”

“कुठल्या लोकांना?”

हळूहळू सगळं बाहेर आलं. कॉलेजपासूनचे सहा मित्र, सगळेच डॉक्टर. दरवर्षी ते कॅम्पातल्या एका स्टेकहाउसात जेवायला जमत. यंदाचं जेवण आजच होतं.

“ष्टेक म्हंजे?”

“मांसाचा जाड तुकडा, भाजलेला. सुरीनं कापून खायचा. पहिला मोठा तुकडा येतो तो मी कापतो, सगळ्यांसाठी. आमचा रिवाजच आहे तो. बाकीचे माझा हात बघत बसतात.”

“मग अडलं कुठं?”

डॉक्टरांचा उजवा हात आल्यापासून खिशात होता. नमस्कारसुद्धा त्यांनी एका हातानं उरकला होता. आता त्यांनी तो बाहेर काढला.

हात थरथरत होता...

“कधीपास्नं?”

“दिवाळीपासून. घरीही ठाऊक नाही. पण हे मित्र डॉक्टर आहेत, बाबा. एका नजरेत ओळखतील. मग सगळं संपलं. मला भीती वाटते... रात्र रात्र डोळा लागत नाही.”

भीती खरी होती. एवढा मोठा माणूस, पण पहिल्यांदा परीक्षेला बसलेल्या पोरासारखा घामाघूम झाला होता.

“आन् आपरेशनं?”

“चालू आहेत... आधी गोळी घेतो. तेवढ्यापुरता हात थांबतो.”

“दरखेपी थांबतो?”

“कधी कधी नाही. म्हणून तर आज सुरी नको.”

“आता कुणाची पाळी?”

“सोमवारी एक बाई आहे. मानेत गाठ आहे तिच्या.”

बाबांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. खुंटीवरची माळ काढून मांडीवर ठेवली. मग गळ्यातलं उपरणं उतरवलं आणि मान कलती केली. कानाखाली लिंबाएवढी गाठ होती.

“ही माझी. काढून टाका, मग माळ घालतो.”

“इथे?”

“दवाखान्यात न्या. गोळी घ्या तुमची. पण हात तुमचाच पाहिजे.”

डॉक्टरांनी डाव्या हातानं गाठ चाचपली. गाठीला लागूनच मानेची मोठी नाडी उडत होती.

“दुसऱ्या कुणाकडून काढून घ्या, बाबा. मी चांगलं नाव सांगतो.”

“का?”

डॉक्टरांनी बोटं मागे घेतली.

“का, डाक्तर?”

“तुम्हाला काही झालं तर...”

डॉक्टरांनी उजवा हात पुन्हा खिशात घातला.

बाबांनी उपरणं पुन्हा गळ्याभोवती घेतलं. माळ खुंटीला अडकवली आणि सूप पुढ्यात ओढलं.

“मग जेवायला जा. सोमवारच्या आत दिसू दे त्यांना हात. आन् पहिला तुकडा तुम्हीच कापा.”