आप्पांचा पाट

"मग आई बसली का तिच्यात?"

आप्पांनी हे विचारलं तेव्हा महालिंग कोरे पंख्याविषयी सांगत होता. पंखा बॅटरीवर चालतो, आवाज अजिबात करत नाही, आणि छपरात असा बसवलाय की पावसाचा थेंब आत येणार नाही. मधेच प्रश्न आला म्हणून तो अडखळला.

"कशात, आप्पा?"

"गाडीत रे. मघापासून गाडीचंच ऐकतोय की मी."

गडहिंग्लजजवळच्या एका टेकडीवर आप्पांचा लहानसा मठ. आप्पा ऐंशीच्या घरातले. सकाळपासून माणसांची रीघ लागली होती. कुणाच्या मुलीचं लग्न जमत नव्हतं, कुणाच्या बोअरला पाणी लागत नव्हतं. ती माणसं गेली, आप्पा जरा जास्वंदीला पाणी घालायला उठले, तेवढ्यात ही क्रीम रंगाची व्हॅन फाटकातून आत आली. आप्पा दमले होते. पाय चिखलाने भरले होते.

महालिंगचं प्लायवूडचं दुकान होतं. सुतारकामात त्याचा हात चांगला, आणि हे त्याला स्वतःलाही पुरेपूर ठाऊक. भंगारात निघालेली ही जुनी व्हॅन त्याने घरच्यांना फिरवायला म्हणून घेतली, त्यालाही आता काही वर्षं झाली. त्याने गंज खरवडला, पत्रा ठोकून सरळ केला, इंजिन उतरवून पुन्हा चढवलं. आत घडीचा पलंग आला, ओटा आला, छोटं सिंक आलं, डासांची जाळी आली. पंचक्रोशीतून लोक गाडी बघायला येत. बायको शैलजा त्यांना चहा देताना म्हणायची, "आमची गाडी लई लांब लांब जाऊन येते, अंगणातल्या अंगणात." त्यावर तो हसायचा. अलीकडे हसत नसे.

"आई अजून बसली नाही," तो म्हणाला. "सगळं झालं की बसवणार. तिच्यासाठीच तर चाललंय हे, आप्पा."

"होणार कधी सगळं?"

"पडदे तेवढे राहिलेत. आणि मागच्या दाराचं रबर. तुम्ही एक चांगला दिवस काढून द्या, की निघालोच गोकर्णला. आईने समुद्र बघितलेला नाही. एकदा पाय भिजवून यायचंय म्हणते."

"म्हणते?"

महालिंगने खांद्यावरचं फडकं काढलं आणि बॉनेटवरची धूळ पुसली. बॉनेटवर धूळ नव्हती.

"म्हणायची," तो म्हणाला.

आप्पा झारी धरून उभे होते...

"दर सुट्टीला विचारायची. कधी निघायचं रे, कधी निघायचं. एक पिशवी भरून खुंटीला लावून ठेवली होती तिने. आत इरकल साडी, विभूतीची डबी, टॉवेल. मी चिडायचो. जरा काम होऊ दे की, म्हणायचो. यंदा विचारलंच नाही."

"आणि पिशवी?"

"परवा बघितली. खुंटीलाच आहे." त्याचा आवाज खाली गेला. "आत लसूण भरलाय."

हे सांगायलाच तो टेकडी चढून आला होता, आणि इतका वेळ पंख्याचं सांगत बसला होता.

आप्पांनी झारी खाली ठेवली.

"दार उघड."

आप्पा आत येणार म्हटल्यावर महालिंगला एकदम बरं वाटलं. पण लगेच त्याची नजर त्यांच्या पायांकडे गेली. खाली त्याने लाकडी पट्ट्या बसवल्या होत्या, वर पॉलिश होतं.

"एक मिनिट हं, आप्पा."

त्याने पुढच्या काचेपाशी पडलेलं वर्तमानपत्र उलगडलं आणि सीटच्या पुढे अंथरलं. नीट, कोपरे जुळवून. याच पायांचं तीर्थ घेत तो लहानाचा मोठा झाला होता. ते त्याला तेव्हा आठवलं नाही.

आप्पा दांडी धरून, थांबत थांबत, वर चढले.

"आईची जागा कुठली?"

"ही. खिडकीजवळची."

आप्पा बसले. सीटवरचं प्लास्टिक करकरलं.

"हे कधी काढणार?"

"निघायच्या दिवशी. मळेल ना." महालिंगला पुन्हा हुरूप आला. "टेकून बघा, आप्पा. तिची कंबर दुखते म्हणून पाठीला वेगळा फोम घातलाय. हाताला दांडी आहे. आणि सीटखाली पाण्याची टाकी बसवली, म्हणजे जागाही वाया गेली नाही. लोकांना कळतच नाही टाकी कुठं आहे ते. मीच सांगितल्यावर..."

तो बोलायचा थांबला.

आप्पांचे पाय अधांतरी होते. वर्तमानपत्राच्या वीतभर वर लोंबत होते, झोपाळ्यावर बसवलेल्या पोराचे लोंबावेत तसे. टाचेवरचा चिखल सुटला आणि कागदावर पडला.

आई आप्पांहून बुटकी होती.

"सीट कुणाला बसवून मोजलीस?"

"मीच बसलो होतो."

महालिंगला दुकानाच्या दारातून वाकून आत जावं लागे, इतका तो उंच.

आप्पांनी खाली बघितलं. पाय तसेच हलत राहिले...

"ती घरातच होती, आप्पा. समोर कट्ट्यावर बसून बघायची. एकदा म्हणाली होती, बसू का रे जरा आत? मी म्हटलं, पॉलिश ओलं आहे." त्याने खालच्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं. "पॉलिश वाळल्यावर बोलवायला पाहिजे होतं मी तिला."

एवढं बोलून तो गाडीच्या पायरीवर खाली बसला. त्याला फार थकवा आला. रविवारमागून रविवार गाडीखाली घालवले, बोटं सोलवटून घेतली, तेव्हा तो असा कधी थकला नव्हता. आपण कुणासाठी करत होतो हे सगळं, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला रडू आवरेना.

आप्पांनी त्याला रडू दिलं.

मग फडक्याने डोळे पुसून तो उठला. "टाकी काढून टाकतो, आप्पा. सीट खाली घेतो. फार नाही, आठ दिवसांत करतो बघा."

"आठ दिवस..." आप्पा म्हणाले. ते हसले असतील, किंवा त्यांना दम लागला असेल.

"मग काय करू?"

आप्पा उतरले आणि मठात गेले. बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा त्यांच्या हातात पाट होता.

महालिंगचे हात आपोआप जोडले गेले. तो आप्पांच्या गुरूंचा पाट होता. शिसवी, बसून बसून मधे झिजलेला. गुरू गेल्यावर त्यावर कुणी बसलं नव्हतं, आप्पासुद्धा नाहीत. रोज त्यावर एक फूल ठेवायचे, एवढंच. मठात येणारा माणूस आधी त्या पाटापुढे डोकं टेकायचा आणि मग आप्पांपुढे. मघाशी महालिंगनेही टेकलं होतं.

आप्पांनी पाटावरचं जास्वंदीचं फूल उचलून महालिंगच्या हातात दिलं. वाकून वर्तमानपत्र गोळा केलं, तेही त्याच्या हातात दिलं. मग पाट सीटच्या पुढे ठेवला आणि डुगडुगतो का ते हाताने दाबून बघितलं.

"इथे पोचतील तिचे पाय?"

महालिंग पाटाकडेच बघत राहिला.

"पोचतील का?"

"पोचतील. पण आप्पा... यावर पाय? ती नाही ठेवायची. मेली तरी नाही ठेवायची."

"तिला सांग, मी सांगितलंय."

"मला नाही बघवणार ते."

"तू पुढे बघून गाडी चालव."

महालिंग उभाच राहिला. मग हातातला कागद त्याने खिशात कोंबला, फूल आईच्या खिडकीत ठेवलं आणि सीटवरचं प्लास्टिक धरून ओढलं. ते सहज निघालं नाही. त्याने ते फाडून काढलं. आतलं कापड आईच्या आवडीच्या रंगाचं होतं, गर्द हिरवं. त्यालाही ते पुन्हा दिसायला इतकी वर्षं लागली होती.

"पडद्यांचं..." तो म्हणाला आणि त्याचा तोच गप्प झाला. "उद्या उजाडताच निघतो, आप्पा."

आप्पांनी मान हलवली.

पाटाच्या कडेला आप्पांच्या बोटांचा चिखल लागला होता. महालिंगचा हात सवयीने फडक्याकडे गेला. तो वाकणार एवढ्यात आप्पांनी ते फडकं त्याच्या हातातून काढून घेतलं, पायरीवर बसले आणि त्याच फडक्याने सावकाश आपले पाय पुसले. आधी एक, मग दुसरा. पुसून झाल्यावर फडकं स्वतःच्या खांद्यावर टाकलं आणि जास्वंदीकडे निघाले.

महालिंगने इंजिन सुरू केलं. खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"पाट कधी आणून देऊ?"

"आलात की."

"समुद्राची वाळू लागेल त्याला, आप्पा. तिचे पाय ओले असणार..."

आप्पांनी झारी उचलली.

"परत आणशील, तेव्हा पुसून आणू नकोस."