बोरवेढ्याचे एक राहिलेले बारसे

चमत्कार म्हटला की मेलेले उठून बसलेच पाहिजे, असा ज्यांचा हट्ट आहे त्यांनी ही कथा ऐकली नाही तरी चालेल. बाकीच्यांनी जरा जवळ सरून बसावे.

त्या वर्षी श्रीअंतोबा महाराजांचा मुक्काम बोरवेढे गावच्या वेशीबाहेर, पडक्या धर्मशाळेत होता. गावात रखमाजी बुरूड आणि त्याची बायको सगुणा राहत. सुपे-टोपल्या विणून पोट भरणारी साधी माणसे. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी त्यांना मुलगा झाला होता. रखमाजीने कोवळ्या बांबूचा पाळणा विणला, आढ्याला टांगला. पण बारशाआधीच लेकरू तापाने फणफणले. दोघांनी त्याला शेजारगावच्या वैद्याकडे नेले. दिवेलागणीला ती दोघे परत आली तेव्हा सगुणेच्या पदराखाली लेकरू निपचित होते. त्याचा श्वास वाटेतच थांबला होता.

वेशीत जिवाजी पाटील आडवे उभे. "मढं शिवेच्या आत येत नाही, रखम्या. बारसं न झालेलं पोर, त्याला ना नाव ना सुतक. इथंच पुर आन् मोकळा हो."

रखमाजी धावत धर्मशाळेत गेला आणि महाराजांच्या पायांवर कोसळला. "महाराज, उठवा माझ्या लेकराला!"

महाराजांचे डोळे भरून आले. "ते माझ्या हातात असतं तर तू सांगेपर्यंत थांबलो असतो का रे?"

अरेरे! काय वाटले असेल त्या बापाला! तेवढ्यात मागून आलेली सगुणा म्हणाली, "म्हाराज, मला येकदाच त्याला घरात न्यायचंय. पाळण्यात निजवायचंय. मग मीच द्येते त्याला मातीत."

महाराज उठले. त्यांनी लेकराला आपल्या छातीशी घेतले आणि वेशीकडे चालू लागले.

पाटील हसले. "वा बुवा! मढ्याचा बी पाळणा हलवणार का?"

"हलवणार. नाव नाही म्हणता ना, मग नाव ठेवणार. अडवायचं तर मला अडवा."

साधूला हात लावण्याची पाटलांची छाती झाली नाही. पण त्यांनी गावाला बजावले, "बुरडाच्या घरी कोणी पाय ठेवायचा नाही."

कोणी ठेवलाही नाही. शेजारणींनी आपापली दारे लावून घेतली. पाळण्यात लेकरू निजले होते, सगुणा दोरी धरून बसली होती, पण कानात नाव सांगायला आत्या कुठून आणावी? रखमाजीला बहीण नव्हती. महाराज मात्र शांत होते. "येतेय ती," एवढेच म्हणाले.

आणि आली ती कोण, तर पाटलांची बायको चंद्राबाई! डोक्यावरचा पदर दातांत धरून ती आत शिरली. "मी व्हते आत्या," म्हणाली. तिने पाळण्यात वाकून कुर्र केले आणि सगुणेने सांगितलेले आज्याचे नाव, राणू, लेकराच्या कानात सांगितले. सगुणा तेव्हा पहिल्यांदा मोठ्याने रडली. चंद्राबाईने तिला पोटाशी धरले.

बायकोला ओढून न्यायला पाटील तणतणत आले आणि दारातच थबकले. महाराज चंद्राबाईला म्हणत होते, "माय, तुझ्या जाईचंही बारसं राहिलंय ना?"

चंद्राबाईच्या अंगावर काटा आला. पाटलांची पहिली मुलगी जन्मताच गेली होती. बाळंतीण ग्लानीत असतानाच पाटलांनी त्या लेकीला शिवेबाहेर पुरले, आणि घरात तो विषय बंद झाला. मनातल्या मनात ठेवलेले जाई हे नाव चंद्राबाईने कोणा जिवंत माणसाला सांगितले नव्हते!

"म्हाराज," ती हुंदके देत म्हणाली, "तुमाला समदं ठावं. मग येवढं सांगा, कशी दिसत व्हती हो माजी जाई?"

महाराजांनी मान हलवली. "ते मी सांगायचं नाही. ज्यानं तिला हातात घेतलं होतं, त्याला विचार."

पाटलांसारखा तालेवार माणूस, उंबऱ्यातच मटकन बसला. "तुझ्यावानी व्हती," ते म्हणाले. "हनुवटीला खळी... केस दाट, काळेभोर. मूठ सोडवंना, माझं बोट धरल्यावानी..." त्यांनी बायकोकडे पाहिले. "मला वाटलं, तू बघितलं न्हाईस तर इसरशील. चुकलो गं मी. तुला बघू द्याया पायजे हुतं."

त्यांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. त्यांना उठवून महाराज पाळण्याकडे बोट दाखवत म्हणाले, "पाटील, माफी मागायची तर तिथं."

जिवाजी पाटलांनी डोक्यावरचा फेटा उतरवला. ते बुरडाच्या सारवलेल्या जमिनीवर गुडघे टेकून बसले आणि त्यांनी पाळण्यातल्या राणूच्या इवल्या पायांना कपाळ लावले. मग सगुणेकडे न बघताच म्हणाले, "वैनी, घाई करू नगा. तुमचं मन हुईस्तवर ऱ्हाऊ द्या त्याला घरात. कोन काय म्हणतंय ते मी बघतो."