रावजीच्या पिशवीतले फ्यूज

"पण बुवा, यात माझं चुकलं काय, ते तरी सांगाल?"

सकाळपासून हेरंबने हे तिसऱ्यांदा विचारलं. भुजंगबुवा मठाच्या ओट्यावर बसून तांदूळ निवडत होते. त्यांनी एक खडा बाजूला टाकला आणि समोर पाहिलं.

समोर विजेचा खांब. खांबाखाली लायनमन रावजी नलवडे चहा पीत बसला होता.

पाच दिवसांपूर्वी वादळाने घाटमाथ्यावरच्या तारा लोळवल्या. गावात काळोख, फक्त मठात उजेड. तो हेरंबच्या हिकमतीचा. मठात येण्याआधी बारा वर्षं त्याचं इलेक्ट्रिकचं दुकान होतं. छपरावरच्या सोलरला ढगांमुळे ऊन मिळेना, तेव्हा पठ्ठ्याने जनरेटर आणला. दोन्ही टोकांना पिन असलेली एक वायर केली. एक टोक मशीनमध्ये, दुसरं भटारखान्यातल्या सॉकेटमध्ये. झालं, सगळा मठ लख्ख.

फक्त आधी आठवणीने भटारखान्यातलाच मेन स्विच खाली करायचा. नाहीतर मशीनची वीज मठातून बाहेर पडते आणि उलटी खांबावर जाते. हेरंबला हे ठाऊक नव्हतं असं नाही. मशीन आणि लाईन एकत्र येऊच नयेत म्हणून मध्ये चेंजओव्हर स्विच बसव, असं बुवा पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "माझं लक्ष असतं," असं म्हणून त्याने ते उडवून लावलं होतं.

आता चांगलं काम केलं की माणसाला कुणीतरी पाठीवर हात ठेवावा असं वाटतंच. बुवा मात्र पाच दिवसांत कौतुकाचा चकार शब्द बोलले नव्हते. हेरंबला ते लागलं होतं, आणि त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"रावजी," बुवांनी हाक मारली. "खांद्यावरच्या पिशवीत काय आहे रे?"

"फ्यूज, बुवा. डीपीतले काढून संगं घेतलेत."

"ते कशाला?"

"मी वर असताना खाली कुणी बसवले म्हंजे? पिशवीत हाईत तोवर लाईन मेलेली. मग बिनघोर चढतो."

"आणि आमच्या हेरंबच्या मशीनचा फ्यूज?"

रावजी हसला. "ते त्यांच्यापाशी. माझ्या पिशवीत कसं येणार?"

हेरंबची कानशिलं तापली.

"मेन खाली आहे, बुवा. बारा वर्षं मी हेच काम केलंय. पोरखेळ वाटला का तुम्हाला?"

बुवांनी सूप खाली ठेवलं. उठले, खांबापाशी गेले. तुटलेल्या तारेचं एक टोक तिथे लोंबत होतं. मठाकडे येणारी तार तीच. बुवांनी ते टोक मुठीत धरलं.

"अवो बुवा, सोडा ते," रावजी चहा टाकून उठला. बुवांनी दुसऱ्या हाताने त्याला थांबवलं.

"हेरंब, जा. मशीन लाव."

"काहीतरीच काय..."

"मेन खाली आहे ना?"

"आहे."

"मग लाव."

हेरंब रागारागाने मागच्या पडवीत गेला. दाखवतोच यांना, असं मनाशी म्हणत त्याने मशीन चालू करायची दोरी धरली.

मेन खाली केला होता. काल संध्याकाळी केला होता. नंतर मशीन बंद करताना तो परत वर केला, सवयीने. आणि आज सकाळी... सकाळी आरतीची घाई होती. शंख वाजला, तसा तो धावत आला आणि दोरी ओढली; आरतीनंतर मशीन इथूनच बंद केलं, मेनला हात लावला नाही. पण दोरी ओढण्याआधी भटारखान्यात गेलो होतो का आपण?

गेलो असू. गेलोच असू.

दोरी हातात होती. हात काही केल्या ओढेना.

त्याने दोरी सोडली आणि भटारखान्यात गेला. मेन वर होता.

 त्याने मेन खाली ओढला आणि सॉकेटमधून ती वायर उपटली. बाहेर येऊन त्याने वायरीची गुंडाळी रावजीच्या पिशवीत, फ्यूजांवर ठेवली.

"मेन वरच होता," तो म्हणाला.

 आरतीच्या वेळी रावजी याच खांबावर तारा धरणारा आडवा अँगल बदलत होता. ती तार त्याच्यापासून वीतभर लांब होती. तो खांबाकडे बघत राहिला आणि मग खाली बसला.

बुवांच्या मुठीत तार अजून तशीच होती. हेरंब त्यांच्यासमोर उभा राहिला. त्याला मान वर करवेना.

"बुवा, दोरी धरली होती मी. पण... तुमच्या हातात तार आहे हे आठवलं, आणि हात कापायला लागला. नाही ओढवली."

बुवांनी तार सोडली. उपरण्याला हात पुसला.

"सकाळी वर रावजी होता," ते म्हणाले. "तेव्हा का रे नाही कापला?"