करवंटीतलं पाणी

एका खाडीच्या तोंडाशी, माडांच्या सावलीत, एक मांजरी आपल्या नवऱ्यासह आणि तीन पिल्लांसह राहत असे. नवरा होता बोका, त्या बंदराचा तांडेल. तांडेल म्हणजे होडी हाकणारा म्होरक्या. खाडीतली मासळी केव्हाच संपली होती, म्हणून बोक्याला खडकांपलीकडच्या खोल समुद्रात जावं लागे. तो टोपली भरून परतला की पिल्लांची पोटं भरत. नाही परतला तर काय, हा विचार मांजरी रोज करी आणि रोज झटकून टाकी.

पण गेल्या हंगामात त्याची जुनी होडी लाटांवर अशी आपटत राहिली, की बोक्याची पाठ कामातून गेली. बिचाऱ्याचा डोळ्याला डोळा लागेना. कूस बदलायची म्हटलं तरी "आई गं!" असं तोंडातून निघे. एकदा तो मांजरीला म्हणाला, "हे बघ, या पाठीची एकदा कायमची वाट लागली ना, तर मी पुन्हा समुद्रावर जाणार नाही. मग तूच सांग, खायचं काय?" मांजरीनं पिल्लांकडे पाहिलं. पिल्लं तर अजून स्वतःच्या शेपटीमागे धावून दमण्याच्या वयाची होती.

आता मुलांनो, त्या बंदराची एक रीत होती, ती नीट ऐका. नवी होडी तांडेलानं निवडायची नाही, त्याच्या बायकोनं निवडायची. समुद्रावर जाणारा मासळीच्या हावेनं कुठल्याही फळकुटावर चढून बसेल, पण घरी वाट बघणारी तसं करणार नाही, असं तिथल्या जुन्या मंडळींना वाटे. निवडण्याची पद्धतही ठरलेली. होडीच्या पुढच्या टोकाशी कापडाची चुंबळ ठेवायची, चुंबळीवर पाण्यानं काठोकाठ भरलेली नारळाची करवंटी ठेवायची आणि होडी खाडीतून तीन फेऱ्या फिरवून आणायची. जिच्या करवंटीतलं पाणी कमी सांडेल, ती होडी सरस. पंच होता एक बगळा. हा गृहस्थ जन्मभर घोटाभर पाण्यात एका पायावर उभा राहिलेला. त्यामुळे पाण्यातलं त्याच्याइतकं कुणालाच कळत नाही, असं सगळे मानत. तोही मानत असे.

त्या वर्षी दोन नव्या होड्या तयार होत्या. एक खेकड्यानं बांधलेली. खेकडा स्वतः जसा ऐसपैस आणि चपटा, तशीच त्याची होडी. तळ अगदी परातीसारखा सपाट. दुसरी बदकिणीची. ती अरुंद होती, पुढचं टोक उंच आणि तळ बदकिणीच्या छातीसारखा खाली निमुळता होत गेलेला.

आधी खेकड्याची होडी फिरली. तीन फेऱ्या झाल्या आणि करवंटीतून थेंबसुद्धा सांडला नाही. मग बदकिणीची होडी निघाली. बदकीण आत पाय ठेवते न ठेवते तोच होडी डावीकडे कलली, मग उजवीकडे कलली, आणि तिसरी फेरी होईपर्यंत करवंटी अर्धी रिकामी झाली.

"बाईसारखीच होडी!" खेकडा नांगी उडवत म्हणाला. "चालली की डुलते!"

सगळं बंदर खदखदून हसलं. खोटं कशाला सांगू, मांजरीही हसली.

बदकिणीला राग आला नाही, किंवा आला असला तरी तिनं तो पंखाखाली ठेवला. ती मांजरीला म्हणाली, "बाय, माझी होडी डुलते ते मला ठाऊक आहे. पण निवडण्याआधी दोन्ही होड्या एकदा खडकांपलीकडे नेऊन बघ. तुझा घरधनी मासे तिकडे मारतो, इथे नाही."

"छे छे!" बगळा मान उंच करून म्हणाला. "खडकांपलीकडे मला उभं राहायला जागा आहे का? मग परीक्षा घेणार कोण?"

आणि मांजरी म्हणाली, "मावशी, त्यांची पाठ आधीच दुखतेय. त्यात हेलकावे खाऊन त्यांनी मरायचं का? मला बाई ही खेकडेभावजींची होडीच बरी. पाटावर बसल्यासारखं वाटतं."

बोक्यानं सपाट तळाकडे एकदा पाहिलं, मिशी खाजवली आणि तो म्हणाला, "तू निवडलीस ना? झालं तर मग." रीत म्हणजे रीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवी होडी निघाली. पहिल्या फेरीला होडी बांधणाऱ्यानंही बरोबर जायचं असे, म्हणून खेकडा ऐटीत पुढच्या फळीवर बसला. बोक्यानं सुकाणू धरलं. खाडीच्या संथ पाण्यावरून होडी अशी अलगद गेली, की मांजरीनं टेकाडावरून पाहता पाहता सुटकेचा निःश्वास टाकला. घाई केली तिनं.

दुपारी वारा फिरला. खडकांपलीकडे पांढऱ्या लाटा दिसू लागल्या. मांजरी पिल्लांना चाटत बसली होती, पण तिचं लक्ष होतं समुद्राकडे. अचानक तिला दिसलं, होडीचं शीड खाली आलंय, आणि उभ्या धरलेल्या वल्ह्यावर कुणीतरी टोपली उलटी टांगली आहे. त्या बंदरात उलट्या टोपलीचा अर्थ एकच होता : आमच्यानं परत येववत नाही, या.

पिल्लांना माडाच्या ढोलीत ढकलून मांजरी धावत सुटली. बंदरात पाण्यात उतरवलेली होडी उरली होती एकच. जिला पाहून काल ती हसली होती, तीच. बदकीण तिथेच वल्ह्यांना तेल लावून झाल्यावर चोच पुसत उभी होती.

"मावशी," मांजरी म्हणाली, आणि तिनं समुद्राकडे पंजा केला.

बदकिणीनं टोपली पाहिली होती. "बस आत," ती म्हणाली. "फळीत नख्या रोव. आणि ती करवंटी घे बरोबर, पाणी उपसायला लागेल."

मांजर आणि पाणी यांचं किती सख्य असतं, ते तुम्हाला सांगायला नकोच. खाडीतच ती होडी इतकी डुलू लागली, की मांजरीनं डोळे गच्च मिटले. 'मी निवडलं ते बरोबरच होतं,' ती मनात म्हणत होती. 'ही होडी मला इथेच बुडवणार!' मग खडक मागे पडले. पहिली मोठी लाट समोरून आली. होडी वर चढली, वर चढली, आणि आता धाडकन खाली आपटणार म्हणून मांजरीनं अंग आवळून घेतलं.

होडी आपटलीच नाही. पुढच्या उंच टोकानं लाट चिरली, पाणी दोन्ही बाजूंना सरकलं आणि होडी हळूच खाली टेकली. झोपलेलं पिल्लू आपण अंथरुणावर ठेवतो ना, तशी. दुसऱ्या लाटेलाही तेच झालं. तिसऱ्या लाटेला मांजरीनं एक डोळा उघडला.

आणि तेव्हा तिला पुढून तो आवाज ऐकू आला. थाड! खेकड्याची होडी लाटेवर चढत होती आणि आपला सपाट तळ घेऊन वरून पाण्यावर कोसळत होती. थाड! पुन्हा थाड! तिथे नुसत्या फळ्या आपटत नव्हत्या, तिच्या नवऱ्याची पाठ आपटत होती. आणि ती होडी तिनं स्वतः निवडली होती.

जवळ जाऊन पाहते तर बोका होडीच्या तळाशी पालथा पडलेला. त्याची पाठ धरली होती आणि सुकाणू सुटलं होतं. खेकड्यानं एकट्यानं वल्ही मारून पाहिली होती, पण होडी जिकडे जावी तिकडे जाईना, आडवीच सरके.

"वहिनी, मला काही कळतच नाही!" खेकडा रडकुंडीला येऊन म्हणाला. "दोघं एकाच होडीत होतो. मला तर काहीच झालं नाही!"

"तुम्हाला काय होणार, भावजी?" मांजरी कळवळून म्हणाली. "तुमची पाठ जन्मापासूनच फळीची आहे!"

खेकड्याचे डोळे खाली गेले. हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. होडी बांधताना तो दर वेळी तिच्यावर बसून बघे, आणि त्याला दर वेळी ती झकासच वाटे.

तिघांनी मिळून बोक्याला बदकिणीच्या होडीत घेतलं. रिकामी होडी दोरानं मागे बांधली आणि तिच्यात खेकडा बसला, कारण आपली होडी सोडून यायला तो तयार होईना. बदकिणीनं तोंड किनाऱ्याकडे वळवलं. मांजरी करवंटीनं पाणी उपसू लागली. उपसता उपसता ती म्हणाली, "अहो, ऐकताय का? चुकलंच माझं. एकदा बोला तरी माझ्याशी."

बोका बोलला नाही. त्याचे डोळे मिटलेले होते. होडी या बाजूला कलली, त्या बाजूला कलली, आणि त्याचं डोकंही तिच्याबरोबर सैल कलंडलं. मांजरीच्या हातून करवंटी गळून पडली.

"मावशी!" ती ओरडली. "हे हलत नाहीत! मावशी, काहीतरी करा!"

बदकिणीनं सुकाणू सोडलं नाही. "कान लाव," ती एवढंच म्हणाली.

मांजरीनं त्याच्या छातीला कान लावला. लाटांच्या आवाजात तिला आधी काहीच ऐकू येईना. मग आलं. घुर्रर्र... घुर्रर्र...

बोका घोरत होता! कित्येक दिवस ज्याला कुशीवर वळता येत नव्हतं, तो तांडेल भर वादळी समुद्रात, हेलकाव्यांच्या होडीत, तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता. मांजरीला हसावं की रडावं ते कळेना. शेवटी तिनं दोन्ही केलं.

"उठवू नकोस हो," बदकीण म्हणाली. "पाठ धरलीय, मोडलेली नाही. मोडली असती तर असा झोपला नसता." आणि त्याची झोप मोडू नये म्हणून तिनं होडी सरळ बंदरात न नेता एक लांबचा वळसा घातला. मागच्या होडीतून खेकडा बोंबलत होता, "अहो, मला किनाऱ्याला लागू द्या! इथे नांग्या निखळायची वेळ आलीय!" पण त्याचं ऐकायला कुणाला सवड नव्हती.

बोक्याला उसण भरली होती. मांजरीनं गरम वाळूच्या पुरचुंडीनं त्याची पाठ चार दिवस शेकली, आणि पाचव्या दिवशी तो बदकिणीच्या होडीतून समुद्रावर गेला. खेकड्यानं मुकाट्यानं आपली होडी ओढून किनाऱ्यावर घेतली. ती उपडी घालून तो बराच वेळ तळाकडे बघत बसला. मग बदकिणीकडे जाऊन म्हणाला, "मावशी, तुमच्या होडीचा तळ जरा बघू द्याल का?" बदकिणीनं हसून होडी कलती केली.

पुढच्या वर्षापासून करवंटीची परीक्षा खडकांपलीकडे होऊ लागली, आणि पंचानं स्वतः होडीत बसायचं असं ठरलं. बगळा एकदाच बसला. परतल्यावर त्याला दोन्ही पायांवरसुद्धा धड उभं राहता येईना. "पंच म्हणून दुसरं कुणीतरी बघा," असं तो म्हणाला आणि आपल्या घोटाभर पाण्यात निघून गेला. ते काम मग मांजरीकडे आलं.

बोका समुद्रावर गेला, की मांजरी अजूनही टेकाडावर जाऊन बसते. वारा वाढतो, लांबवर पांढऱ्या लाटा उठतात, त्यांच्यात एक होडी डावीउजवीकडे डुलताना दिसते. ते डुलणं पाहता पाहता मांजरीला इतकं निर्धास्त वाटतं, की पिल्लं अंगावर उड्या मारत असतानाच तिचा डोळा लागतो.

तात्पर्य : संथ पाण्यात जे स्थिर दिसतं, ते लाटांत सांभाळेलच असं नाही; ज्या गोष्टीवर आपल्या माणसाचा जीव सोपवायचा, तिची परीक्षा जिथे ती वापरायची तिथेच घ्यावी.