कवडीची बोंब

दर्याच्या काठी कांदळपाडा नावाचं कोळ्यांचं एक गाव होतं. गाव एवढंसं, पण आवाज आभाळाला भिडणारा! होडीतून काठावर हाक मारायची, मासळीचा भाव करायचा, तर नाजूक बोलून कसं चालेल? कांदळपाड्यात कुणी मायेनं ‘जेवायला ये गो’ म्हटलं, तरी पलीकडच्या गावाला वाटायचं, जुंपलं वाटतं भांडण!

पण एका वर्षी हे गाव गप्प झालं. अगदी चिडीचूप.

झालं असं, की त्या हिवाळ्यात दर्याकाठी बर्फ पडला. कुणाच्या आज्यापणज्यानं पाहिला नव्हता असा बर्फ! माडांच्या हिरव्या झावळ्यांवर पडला, लाल-निळ्या होड्यांवर पडला, वाळत घातलेल्या बोंबलांवर पडला आणि बोंबील काचेच्या काड्यांसारखे कडक झाले. पहिल्या दिवशी पोरं नाचली. धाकू नाखवा म्हणजे गावातला सगळ्यात म्हातारा आणि सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस. तो दारात येऊन ओरडला, “आरं, ह्यो काय चमत्कार!” आणि धाडकन त्याच्या घराचं छप्पर बर्फासकट खाली आलं.

नाखवा वाचला, पण भीतीनं त्याचे ओठ पांढरे पडले. तो कुजबुजला, “त्याला आयकू येतंय. बोलू नका रं. ते आवाजावर येतंय.”

ते म्हणजे कोण, हे कुणीच विचारलं नाही. न विचारताच सगळे घाबरले. त्या दिवसापासून गाव कुजबुजायला लागलं. देवीच्या घंटेला फडकं गुंडाळलं. कोंबडे टोपलीखाली गेले. तान्ह्या बाळानं रडायला तोंड उघडलं, की आई त्यावर पदर धरायची. रात्री बाहेर बर्फ चर्र... चर्र... वाजायचा, आणि घराघरात माणसं श्वास धरून बसायची.

फाल्गुन आला. आंब्याला मोहर नाही, पांगाऱ्याला फूल नाही, कोकीळ नाही. ‘थंडी गेली की शिमगा करू,’ माणसं एकमेकांच्या कानात सांगत राहिली. थंडी काही जाईना.

गावाच्या टोकाला कवडी राहायची. तिच्या आधीची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून आईनं हिचं नाव मुद्दामच हलकं ठेवलं होतं. म्हणजे कुणाची नजर लागायला नको! बाप दर्यात गेला तो परत आला नाही. मागे राहिलं त्याचं एक वल्हं. घरातलं सगळं जळण संपलं, पाट जळाला, खाटेचे पाय जळाले, पण वल्ह्याला आईनं हात लावला नाही.

कवडीचा धाकटा भाऊ हिरू. गालाला खळी पडायची त्याच्या! त्या हिरूच्या अंगात थंडी शिरली. आधी पाय गार पडले, मग इवले इवले तळहात. आता तो डोळे मिटून पडून असायचा. कवडी रोज त्याच्या छातीवर हात ठेवून बघायची. तिथं अजून ऊब होती, पण कालच्यापेक्षा थोडी कमी.

“आये, हिरू बरा होल ना?” कवडीनं विचारलं.

“हलू बोल गो,” आई कुजबुजली. “ऊन आला की होल बरा.”

पण ऊन कधी येईल, हे आईला तरी कुठं ठाऊक होतं?

शिमग्याचा दिवस उजाडला, राखेसारखा करडा. दुपारी कवडी काटक्या शोधायला खाडीकाठच्या केवड्याच्या बनात गेली. तिला फार भीती वाटत होती. बनात सगळं पांढरं, आणि इतकं शांत, की स्वतःच्या छातीची धडधडही मोठी वाटावी. ‘ह्याचा आवाज तर नाही ना ऐकू जाणार त्याला?’ तिनं छातीवर हात दाबून धरला.

तेवढ्यात तिला एक लाल ठिपका दिसला.

केवड्याच्या पानात अडकलेली, कुंकवाच्या करंड्याएवढी, एक चिमुकली परी! झगा पांगाऱ्याच्या फुलाचा, लालचुटूक. केसांत मोहराचे सोनेरी कण. पंख मात्र गोठून कडक झालेले, आणि ओठ निळे. कवडी पळणारच होती. पण परीचे हात तिला हिरूच्या हातांसारखे दिसले, आणि पाय काही हलेनात. तिनं परीला अलगद ओंजळीत घेतलं, आपल्या फाटक्या ओढणीत गुंडाळलं आणि फुंकर घातली. हू... हू... करत ती फुंकत राहिली. तिची स्वतःची बोटं निळी झाली, ओठ सुन्न झाले, तरी फुंकत राहिली.

हळूहळू पंखांवरचा बर्फ वितळला. निळी, सोनेरी, डाळिंबी चमक लखलखू लागली. परीनं डोळे उघडले.

“किती ऊबदार फुंकर तुझी, बाळ!” तिचा आवाज पैंजणासारखा किणकिणला.

“श्श! हलू बोला,” कवडी घाबरून म्हणाली. “ते आयकल.”

परीनं तिच्याकडे नवलानं पाहिलं. “म्हणून का यंदा तुम्ही सगळे गप्प? अगं, मी वसंताच्या पुढे चालणारी परी. वारा, कोकीळ, मोहर, सगळे माझ्या मागे धुक्यात दर्यावर उभे आहेत. पण यंदा वाळू पांढरी, पाणी पांढरं. किनारा कुठला तेच कळेना. दरवर्षी मी तुमच्या शिमग्याची बोंब ऐकते आणि त्या आवाजाच्या वाटेनं येते. यंदा बोंबच नाही! शोधत शोधत मी एकटी आले आणि इथं गोठून पडले.”

कवडीचे डोळे मोठे झाले. “म्हंजे... आमी तुमची वाट बगतोय, आन तुमी आमची?”

“असंच झालं म्हणायचं,” परी म्हणाली. “आणि आज सूर्य बुडाला, की माझ्या मागचे सगळे माघारी फिरतील. माझ्या पंखांत तिथवर जायचं बळ नाही. पण तू मला जागवलंस. तुझी एक इच्छा मी पुरी करीन. नियम मात्र ऐक. इच्छा उघड्यावर, पूर्ण आवाजात बोलायची. कुजबुजलेलं मला लागू पडत नाही.”

“माज्या हिरूला बरा करा!” कवडी म्हणणारच होती. शब्द अगदी जिभेवर आले होते.

“दुसरा नियम,” परी हलकेच म्हणाली. “नवी ऊब माझ्याकडे नाही. एका घरासाठी मागितलीस, तर तेवढी शेजारच्या घरातून उचलावी लागेल.”

शेजारच्या घरात पोशामावशीची बारकी होती. अजून दातसुद्धा न आलेली, कवडीला बघून बोळकं पसरून हसणारी. कवडीनं तोंड मिटलं. डोळ्यांतलं पाणी गालावर येऊन थिजलं. हिरू की बारकी? असं कुणी पोरीला विचारावं का? तिला परीचा रागच आला. ती रडत राहिली आणि रडता रडता विचार करत राहिली.

“आन समद्यांसाठी मागला तर?” तिनं नाक पुसत विचारलं.

“तर ऊब घेऊन वसंतच येतो, कुणाकडून काही घ्यावं लागत नाही,” परी हसली. “पण त्याला तिसरा नियम. आधी तुझ्या घरचं, तुला प्रिय असलेलं काहीतरी द्यावं लागतं.”

कवडी परीला मुठीत घेऊन घराकडे धावली. आई हिरूला कुशीत घेऊन बसली होती. कवडीनं भिंतीला टेकवलेलं वल्हं उचललं.

“कवडे! ते नको गो. तुज्या बापसाची तीच एक वस्तू हाय,” आई वल्ह्यावर हात ठेवून कुजबुजली.

“आये, बापूस असता तर त्यानंच दिला असता. हिरूसाठी,” कवडी म्हणाली. आईनं तिच्या डोळ्यांत पाहिलं. मग तिनं तोंड फिरवलं आणि वल्ह्यावरचा हात काढून घेतला.

देवळापुढच्या मैदानात दरवर्षी होळी लागायची. आज तिथं नुसता बर्फ. कवडीनं मधोमध वल्हं उभं रोवलं. दर्यावर सूर्याची फिकट चकती पाण्याला टेकली होती. दारांच्या फटींतून डोळे चमकले. धाकू नाखवा दोन्ही हात हलवून तिला ‘गप, गप’ अशा खुणा करत होता.

मोठ्यानं कसं बोलतात, तेच कवडी विसरली होती. तिनं तोंड उघडलं, आणि नुसती वाफ निघाली. बर्फ चर्र... चर्र... वाजला. तिला वाटलं, आलं. मागे उभं आहे. आता खांद्यावर हात ठेवणार.

“आमच्या गावाची होली पेटू दे!” ती जीव खाऊन किंचाळली.

मुठीतून एक लाल ठिणगी उडाली आणि वल्ह्याच्या टोकावर बसली. वल्हं पेटलं! परी मुठीतून निसटून कवडीच्या खांद्यावर जाऊन बसली. कवडीनं उलटा हात तोंडावर आपटला. “बो ऽ बो ऽ बो ऽ बो!”

माडांवरचा बर्फ धपाधप कोसळू लागला. दारं धाडधाड मिटली. कुणीच बाहेर आलं नाही. कवडी बोंबलत राहिली, आवाज फाटला, घसा सोलला. वल्हं अर्ध्यावर जळत आलं. सूर्याची नुसती कड उरली. एकट्या पोरीचा आवाज कितीसा, आणि दर्या केवढा! ती गुडघ्यांवर बसली. संपलं, तिला वाटलं.

तेव्हा गावाच्या टोकाकडून, अगदी बारीक, मांजराच्या पिलासारखा आवाज आला. “बो... बो... बो...”

तो हिरू होता! डोळे मिटलेले, पण गार पडलेला हात त्यानं कसाबसा तोंडाशी नेला होता. आई त्याला घेऊन दारात आली, आणि तिनं अशी बोंब ठोकली, अशी ठोकली, की पलीकडच्या गावाला वाटलं, जुंपलं वाटतं भांडण! पोशामावशी धावत आली, काखेत बारकी, हातात पाट. कुणी लपवलेलं लाकूड आणलं, कुणी गोवऱ्या. देवीच्या घंटेचं फडकं सुटलं. धाकू नाखव्यानं छाती भरून श्वास घेतला, आपल्या उरल्यासुरल्या छपराकडे एकदा पाहिलं, आणि म्हणाला, “पडला तर पडू दे!” मग तो जो गरजला, की वाळूवरची खेकड्यांची पिलंसुद्धा बिळात पळाली.

होळी आभाळापर्यंत पेटली, केशरी, पिवळी, लाल. धुकं फाटलं, आणि दर्यावरून ऊबदार वारा आला. त्याच्या मागून कोकीळ आली, मोहराचा वास आला, पोपटी पानं आली. बर्फ झुळझुळत खाडीत उतरला. ‘ते’ कुठं गेलं? मुळात नव्हतंच, तर जाणार कुठं!

आईनं हिरूचा हात कवडीच्या हातात दिला. तळवा कोमट होता. बघता बघता तो ऊन झाला, आणि हिरूच्या गालाला खळी पडली. कवडी भावाला घट्ट धरून ढसाढसा रडली, आणि या वेळी चांगली मोठ्यानं रडली.

परी तिच्या खांद्यावरून उडाली. “तू स्वतःपुरतं मागितलं नाहीस,” ती म्हणाली. “जे दिलंस, ते तुला परत मिळेल.” ती उजळत गेली, गुलाबी, सोनेरी, मग पांढरीशुभ्र, आणि त्या उजेडात दिसेनाशी झाली.

सकाळी कवडी राख आणायला मैदानात गेली. वल्ह्याचा जमिनीत रोवलेला बुंधा तेवढा जळायचा राहिला होता. आणि त्या जुन्या, खारवलेल्या लाकडाला एक लालचुटूक कळी आली होती. आता तिथं मोठा पांगारा आहे. शिमग्याची पहिली बोंब त्याच्याखाली कवडीच मारते, आणि दुसरी हिरू.

कवडीच्या गावाची थंडी पळाली, तशी तुमचीआमचीही पळो. आणि नाहीच पळाली, तर गप्प बसू नका. हात तोंडाशी न्या!